ती माशी मी बांधली

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "काकू, तुमच्या नोकरीवर लिहा ना. पण जरा हलकंफुलकं असू द्या, सणाचे दिवस आहेत." मी हो म्हटलं, घरी आले, वही उघडली. चार दिवस झाले तरी हलकंफुलकं काही सुचेना. त्या नोकरीतलं जे आठवतं, त्यानं अजून कानशिलं तापतात. तेव्हा बाईंची आधीच माफी मागते आणि जसं घडलं तसं लिहिते.

मी बावीस वर्षं माशा बांधल्या. हे वाक्य कुठंही बोललं की समोरचा हसतो. "बांधल्या? मारल्या असतील!" लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, सगळ्यांना हाच एक विनोद सुचतो, आणि प्रत्येकाला वाटतं तो पहिल्यांदा त्यालाच सुचला. माझ्या सख्ख्या जावयानंसुद्धा साखरपुड्यात तोच केला. मी हसले नाही. त्याला अजून वाटतं, सासूबाई तिरसट आहेत. असू देत.

तर काम काय होतं, ते सांगते. थंड देशांत नद्यांमधे ट्राउट नावाचा मासा असतो. आपल्याकडं हिमाचल-काश्मीरला आहे म्हणतात, मी पाहिलेला नाही. त्या थंड देशांतले हौशी लोक हा मासा गळानं धरतात, पण गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. खोटी माशी लावतात. उघड्या गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून हुबेहूब किडा तयार करायचा, तो पाण्यावर अलगद सोडायचा, आणि मासा फसून वर आला की ओढायचा. बरेच जण मासा धरून परत सोडूनही देतात. हे ऐकल्यावर आमच्या शेडमधल्या सगळ्या बायका आठवडाभर हसत होत्या. पण खेळ त्यांचा, हौस त्यांची. आपल्याला काम मिळालं.

त्या खोट्या माशा भोसरीत, औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमधे तयार व्हायच्या. डाव्या हाताला रबरी वॉशर करणारा, उजव्या हाताला पावडर कोटिंगवाला, मधे आम्ही चाळीस बायका. टेबलाला छोटा वाइस लावलेला, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा गळ पकडलेला, वर दिवा. दोरा केसाहून बारीक. जास्त ओढला की तुटतो, कमी ओढला की माशी सुटते. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती असं फिरवायचं की त्याचे केस चाकाच्या आऱ्यांसारखे उभे राहिले पाहिजेत. त्यावर माशी पाण्यावर उभी राहते. मी पिंपळे गुरवहून बसनं जायचे. बसमधे शेजारची बाई विचारायची, "कुठल्या कंपनीत?" मी म्हणायचे, "एक्स्पोर्टमधे." पुढं सांगायला लागलं की तोच विनोद.

आता खरी गोम. किडा एकच असला तरी त्याच्या अवस्था चार. पाण्याच्या तळाशी दगडाला चिकटून असतो तो पिल्लू किडा, त्याला पंख नसतात. मोठा झाला की तो वर तरंगत येतो आणि पाण्याच्या कातडीखाली लटकून आपली साल फाडतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. मग पंख पसरून उडतो. आणि अंडी घालून झाली की पाण्यावर मरून पडतो, पंख दोन्हीकडं पसरून. परदेशी कागदांवर ह्या चौघांची चार इंग्रजी नावं असायची. आम्ही आमची ठेवली होती: तळातली, अर्धी, ताजी आणि पडलेली. मासा मोठा चोखंदळ. ज्या वेळी अर्ध्या वर येत असतात, त्या वेळी तो अर्धीच खातो. शेजारून ताजी गेली तरी ढुंकून बघत नाही. म्हणून चारही बांधाव्या लागतात, आणि सगळ्यांत अवघड असते ती अर्धी. पुरं झालेलं काहीही बांधता येतं. जे अर्धवट आहे, धडपडतंय, ते बांधायला डोकं लागतं.

हे सगळं मला कामाला लागल्यावर आठ-नऊ वर्षांनी कळलं. तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. नमुना समोर ठेवायचा, तसं बांधायचं. किडा कुठला, कुठं राहतो, काय करतो, विचारायचं नाही. चष्म्याच्या कारखान्यातल्या माणसाला डोळा काय असतो ते सांगू नये, तसा प्रकार.

मग एकदा परदेशातल्या कंपनीचे एक वयस्कर साहेब शेड बघायला आले. उंच, वाकलेले, कानात यंत्र. त्यांनी पिशवीतून काचेच्या बाटल्या काढल्या. स्पिरिटमधे खरे किडे होते, चारही अवस्थांचे. आमच्या सुपरवायझर शोभाक्का लातूरकडच्या. त्यांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं बया, हे तर जित्राब हाय की! आपण इतकी वर्षं ह्यालाच बांधायलोत व्हय?"

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, हा किडा पाण्यात कसा हलतो ते तुम्ही कधी बघितलंय का? आमच्या मॅनेजरनं आम्हाला बोलूच दिलं नाही. तो हसून म्हणाला, "सर, दे आर ओन्ली लेडीज." माझं शिक्षण बारावी. पुढचं काय बोलला ते समजलं नाही, पण ओन्ली लेडीज एवढं समजायला बारावीसुद्धा लागत नाही. चाळीस बायका, प्रत्येकीच्या बोटांत कसब, डोळे जाळून केलेलं काम, आणि आम्ही ओन्ली!

रागारागानं मी ती बाटली हातात घेतली. तळातला किडा बघितला. चपटा, तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना झालरी. हा किडा मला माहीत होता. माझं माहेर चाकणच्या पुढं, भामा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला. लहानपणी आम्ही धुणं धुवायला जायचो तेव्हा दगड उलटला की हेच किडे सुळसुळ पळायचे. आमच्यात त्याला कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. "काय न्हाई गं, पाण्यातलं किडूक हाय," एवढंच आई म्हणायची.

त्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले ती साडीचा पदर खोचून थेट ओढ्यात. माझा भाऊ दत्तू काठावर उभा राहून ओरडत होता, "अगं ताई, येडी झालीस का? लोकं बघत्यात!" मी दगड उलटत होते. किडे होते. झालरी हलवत होते, जशी माणसं धापा टाकतात तशा. बाटलीतला मेलेला किडा हे कधी सांगू शकला नसता.

तीन दिवस मी संध्याकाळी तिथंच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना पाण्यावर बारीक बारीक ठिपके उठायला लागले. मी गुडघाभर पाण्यात वाकून बघितलं. अर्ध्या! आमच्या नमुन्यात अर्धी पाण्यावर आडवी निजलेली असायची, नेटकी, पाळण्यातल्या बाळासारखी. खरी तशी नसतेच. ती उभी लटकते. डोकं वर, शेपूट खाली, आणि शेपटीला तिची जुनी साल फाटक्या परकरासारखी लोंबत असते. पाण्याबाहेर पंखांचा नुसता एक झुपका. बाकी सगळा जीव अजून पाण्यातच. त्याच वेळी तिला मासा गाठतो. आमच्या ओढ्यात ट्राउट नव्हता, पण दुसरे बारीक मासे होते. तेही नेमके तिलाच टिपत होते, मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जी अर्धी बांधत होतो, ती खोटी होती. खोट्यातसुद्धा खोटी.

परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी माझी अर्धी बांधायला घेतली. गळ दांड्यातच वाकडा असलेला घेतला, म्हणजे अंग आपोआप खाली लटकेल. पंखाच्या जागी बदकाच्या शेपटीजवळचं तेलकट पीस, ते बुडत नाही. अडलं ते फाटक्या सालीपाशी. नायलॉन लावलं तर चकाकतं, लोकर लावली तर जड होते. महिनाभर जमेना. मग दत्तूनं माहेरून कांदे पाठवले. गोणी जुनी, चाकणच्या बाजारात दहा वेळा भरून रिकामी झालेली, उन्हानं विटलेली. तिचा ताग सोडवला तर आतले तंतू असे निघाले, पिवळट, पारदर्शक, टोकाला विसविशीत. तोच लावला. माशी पाण्याच्या वाटीत सोडली. लटकली. साल मागं हलली. शोभाक्का वाटीत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंदे, ही मरायलीय की गं जगायलीय?" मी म्हटलं, "तेच तर अजून ठरायचंय तिचं."

मालकांनी माशी बघितली, भिंग लावून बघितली, आणि डबीत घालून साहेबांच्या कंपनीकडं पाठवली. मालक वाईट माणूस नव्हता. आम्हाला वेळेवर सोडायचा, आजारपणात विचारायचा. ऑर्डर आली. एवढी मोठी की दोन शिफ्ट कराव्या लागल्या. दिवाळीला मालकांनी सगळ्यांसमोर मला पाच लिटरचा कुकर दिला. फोटो काढला. टाळ्या वाजल्या. मलाही त्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग पुढच्या वर्षी कॅटलॉग आला.

जाड, गुळगुळीत पुस्तक. मॅनेजर टेबलावर ठेवून गेला आणि आम्ही जेवताना चाळायला घेतलं. सत्ताविसाव्या पानावर माझी माशी होती. पानभर मोठी, सालीचा प्रत्येक तंतू दिसत होता. खाली नाव होतं. त्या वयस्कर साहेबांचं आडनाव, आणि पुढं माशीचा प्रकार. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. अमुक साहेबांनी तीस वर्षं नदीकाठी घालवल्यावर त्यांना ही माशी सुचली. सालीसाठी एक गुप्त तंतू वापरला आहे. बाजूला फोटो: लाकडी खिडकी, बाहेर बर्फ, आणि दाढीवाला एक गोरा माणूस वाइससमोर बसून माशी बांधतोय. खाली लिहिलेलं, प्रत्येक माशी आमच्या कारागिरांच्या हातची.

गुप्त तंतू! चाकणच्या कांद्याची गोणी!

शोभाक्कांनी पान उलटलं, मी परत उलटलं. मग ते पुस्तक घेऊन तशीच मालकांच्या केबिनमधे गेले. हात उष्टा होता.

"साहेब, ही माशी कुणाची?"

"आपलीच की," मालक हसले. "आपणच बांधतो."

"आपण नाही. ही मी केली. ह्यांच्या नावावर कशी?"

"मंदाताई, तिकडं असंच असतं. गिऱ्हाईक नाव बघून घेतं. तिकडचं नाव असलं की माल खपतो. तुमचं नाव लावून कोण घेणार? काय लिहायचं, पिंपळे गुरवची मंदा?"

"का नाही लिहायचं?"

आता ते हसायचे थांबले. "कुकर दिला होता ना तुम्हाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर होतं, पण दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मी एवढंच म्हटलं, "साहेब, कुकर तुमच्या घरी परत नेऊन ठेवा, आणि माझी माशी मला द्या." बाहेर चाळीस वाइस थांबले होते. सगळ्या ऐकत होत्या.

त्या परदेशी साहेबांना खरं माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, शेडमधून आली म्हणजे आपल्याच बाटल्या बघून कुणीतरी केली. मालकांनी सांगितलंच नसेल. पण मग कुणी विचारलंही नाही. माशी आभाळातून पडली काय?

दुसऱ्या दिवसापासून मला पॅकिंगला बसवलं. डब्या भरायच्या, लेबलं लावायची. त्या साहेबांच्या नावाची लेबलं माझ्याच हातानं माझ्या माशीला चिकटवायची. शोभाक्का रोज समजवायच्या, "कामून एवढं डोक्यात घ्यायलीस? माफी माग, ये टेबलावर. नाव काय खायचंय का?" मी पुढचं लेबल उचलायचे.

दोन महिन्यांनी अख्खी खेप परत आली. बाकीच्या बायकांनी बांधलेली अर्धी नीट लटकत नव्हती. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी खरी कधी बघितली नव्हती, आणि मॅनेजरनं त्यांना साल कापून सारखी करायला लावली होती, दिसायला छान म्हणून. मालक स्वतः पॅकिंगच्या टेबलापाशी आले. "चला मंदाताई, झालं गेलं सोडा."

मी म्हटलं, "नमुन्याच्या रजिस्टरमधे लिहा, मूळ नमुना कुणाचा. बाहेर नका छापू. आपल्या रजिस्टरमधे लिहा."

"रजिस्टर परदेशी माणसं तपासतात. नाही लिहिता येणार."

आणि मी परत टेबलावर बसले. मुलगी दहावीला होती, ह्यांच्या कंपनीत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काम बंद ठेवून सक्तीची सुट्टी, चाललं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत. पण बसले हेही खरं आहे. मला मालकांचा राग येतो, मॅनेजरचा येतो, त्या दाढीवाल्या फोटोचा येतो. सगळ्यांत जास्त येतो तो माझा. पुढची अकरा वर्षं मी ती माशी बांधली, आणि चाळीस जणींना बांधायला शिकवली. मग एक दिवस काम दुसऱ्या कुठल्यातरी देशात गेलं, शेड बंद झाली. आता तिथं ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचं गोडाऊन आहे.

एवढ्यावर थांबले असते तर ही नुसती एका बाईची तक्रार झाली असती. पण खरं लिहायचं आहे ते पुढचं.

नोकरी सुटल्यावर दोन वर्षांनी मी भाऊबीजेला माहेरी गेले होते. सवयीनं ओढ्यात उतरले, दगड उलटला. काही नाही. दुसरा उलटला, तिसरा उलटला. गुळगुळीत, शेवाळलेले, रिकामे. चिखलात बोट घातलं तर लालभडक बारीक अळ्या वळवळत होत्या. हा किडाही मला माहीत होता. त्याच्याही माशा आम्ही बांधायचो. जिथं पाण्यातली हवा संपते, घाण साचते, तिथं बाकीचे मरतात आणि हा माजतो.

मी पाण्यातून वरच्या अंगाला चालत गेले. शेतं संपली, एका नव्या कारखान्याचं कुंपण लागलं. त्याच्या मागच्या बाजूनं, झुडपांत, एक जाड काळा पाइप ओढ्यात उतरलेला. त्या वेळी कोरडा होता. त्याच्या वर पन्नास पावलांवर दगड उलटला तर किडे होते. तीन शेपट्या, झालरी, सगळं जसंच्या तसं. पाइपाच्या खाली एकही नव्हता. ह्याहून स्पष्ट पुरावा असतो का?

दत्तूला सांगितलं तर तो खाली बघत म्हणाला, "आमाला ठावं हाय, ताई. पावसात आन् सुट्टीच्या दिशी सोडत्यात. म्हशी प्यायच्या बंद झाल्या."

"मग बोलत का नाहीस?"

"किरण तिथंच कामाला हाय न्हवं का. काँट्रॅक्टवर. तू पण गप ऱ्हा."

किरण माझा भाचा, सव्वीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेलं. मी दोन महिने गप्प राहिले. खरंच राहिले. मग ओढ्यात मासे मरून वर आले, विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला, आणि गावातल्या काही जणांनी अर्ज केला. सरकारी साहेब पाहणीला येणार असं कळलं. कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही. मी सकाळच्या बसनं गावी गेले. किरणच्या घरी गेले नाही, तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

साहेब आले, बूट न भिजवता काठावर उभे राहिले. पाइप कोरडा. पाणी वाहतं, वरून स्वच्छ. त्यांनी एका बाटलीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "आत्ता तर काही सोडलेलं दिसत नाही. पाणी ठीक वाटतंय."

मी दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या घमेल्यांत दगड आणि पाणी भरून आणलं होतं. त्यांच्या पायाशी ठेवलं. "साहेब, पाणी वाहून जातं. कालचं पाणी आज सापडत नाही. पण हा किडा पाण्यात महिनोन्‌महिने राहतो, त्याला पळून जाता येत नाही. हे घमेलं पाइपाच्या वरचं. मोजा. हे खालचं. मोजा."

त्यांनी वाकून बघितलं. पहिल्या घमेल्यात किडे दगडावरून दगडावर पळत होते. दुसऱ्यात फक्त लाल अळ्या.

"तुम्ही कोण? कॉलेजात शिकवता?"

"नाही."

"मग हे कुणी सांगितलं तुम्हाला? ही नावं काय, शास्त्रीय ओळख काय, तपासलंय कुणी?"

"बावीस वर्षं मी हे किडे दोऱ्यानं बांधलेत, साहेब. तळातला, वर येणारा, उडणारा आणि मेलेला. डोळे मिटून बांधून दाखवते. तुम्ही हा किडा ह्याआधी बघितलाय?"

लोकांत कुणीतरी हसलं. साहेब लाल झाले. पण गाव जमलेलं होतं, मोबाइल वर झालेले होते. ते म्हणाले, "ठीक आहे, पंचनाम्यात नोंद घेऊ."

त्या कागदाचं पुढं काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसायला नको. कारखान्याला नोटीस गेली. पाइप काढला. चार महिन्यांनी तोच पाइप जमिनीखालून खालच्या अंगाला नेल्याचं गावकऱ्यांनी शोधलं, आता त्यावर परत अर्ज आहे. किरणचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. तो तळेगावला लागला, रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला. त्या वर्षी भावानं मला भाऊबीजेला बोलावलं नाही. मी फोन केला तर वहिनी म्हणाली, "ते शेतात गेल्यात." दिवाळीच्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, शेतात! ओढ्याच्या जुन्या पाइपाखालच्या दगडांवर किडे परत आलेत. थोडे. मी बघून येते. भावाच्या घरावरून जाते, आत जात नाही. माझं चुकलं का, असं मला कधीकधी वाटतं, आणि मग मला त्या वाटण्याचाच राग येतो. घाण सोडणाऱ्याला असं वाटत असेल का?

तर पंचनामा. साहेबांचा कारकून झाडाखाली फळीवर कागद ठेवून लिहीत होता. पंचांची नावं घेतली, वयं घेतली. माझी पाळी आली. मी सही करायला पेन घेतलं आणि आधी वाचून बघितलं. नाव बरोबर होतं. वय बरोबर. राहणार पिंपळे गुरव. पुढं धंदा ह्या शब्दासमोर त्यानं लिहिलं होतं, घरकाम. मला न विचारता.

मी पेन खाली ठेवलं. "हे खोडा."

"काकू, बायकांचं तेच लिहितात."

"खोडा. मी कारागीर आहे. मी सांगते ते लिहा."

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेब गाडीच्या दारापाशी उभे होते, घड्याळ बघत. मागून दत्तू हळूच म्हणाला, "ताई, जाऊ दे की आता." तो कधी येऊन उभा राहिला होता ते मला कळलंच नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

कारकुनानं घरकाम खोडलं. "सांगा."

"लिहा. पाण्यातले किडे ओळखणे आणि त्यांच्या प्रतिकृती हातानं बांधणे. अनुभव बावीस वर्षे."

"अहो, एवढं ह्या रकान्यात बसणार नाही."

"मग रकान्याबाहेर लिहा."

त्यानं कागद आडवा केला आणि समासात, वरपासून खालपर्यंत, एकेक शब्द लिहिला. प्रतिकृती शब्दाला तो अडखळला, मी सांगितला. पूर्ण झाल्यावर मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. मग सही केली.